जर्मनाच्या कपाळी कुंकू

“आता चुना घाल. बोटभरच,” गेनबा म्हणाला. “जास्त झाला तर ब्रेनगनच्या तोंडाला फोड येत्याल.”

गोठ्यातले सगळे हसले. जेवणाच्या डब्याच्या झाकणात मी हळद भिजवून बसलो होतो. हळद लंगरातून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातून, मागून आणलेली, चुना गेनबाच्या तंबाखूच्या डबीतला. दोन्ही बोटानं कालवलं आणि पिवळ्याचं बघता बघता लाल झालं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. साल चव्वेचाळीस, देश इटली. डोंगराच्या कुशीतल्या एका गोठ्यात आमची दहा जणांची तुकडी दोन दिवस विसाव्याला थांबली होती. पलटणीचे पंडितजी दहा मैल मागं राहिलेले, म्हणून हत्यारांची पूजा आम्हीच करायची ठरवली. कांबळ्यावर रायफली मांडल्या, मधे तुकडीची एकुलती मशीनगन, ती ब्रेनगन. मग एकानं आपली दुर्बीण पुढं ठेवली. ती त्याला एका पडलेल्या जर्मन अंमलदाराजवळ सापडली होती. ते बघून बाकीच्यांनीही पिशव्या उघडल्या. कुणी गरुडाचा बिल्ला काढला, कुणी पट्ट्याचं बक्कल, कुणी बंद पडलेलं घड्याळ. घरी गेल्यावर दाखवायला प्रत्येकानं लढाईची काहीतरी निशाणी जपली होती. गेनबाकडं जर्मनाची दाढीची वाटी होती, आणि तो तिच्यातून चहा प्यायचा.

“केरबा, तुझं काय हाय? काढ की. का बायकोसारखं कनवटीला लपवतोस?”

मी सदऱ्याच्या खिशातून पुस्तक काढलं. तळहाताएवढं, करड्या पुठ्ठ्याचं. जर्मन शिपायाचं पेबुक. आमच्याही प्रत्येकाच्या खिशात आपापलं पेबुक असायचं. नाव, नंबर, पलटण, लस कधी टोचली, सगळं त्यात. माझ्या पेबुकात सहीच्या जागी अंगठा होता. या पुस्तकात तर आत फोटोसुद्धा होता. पोरगेला माणूस, केस पाणी लावून विंचरलेले, कान दोन्हीकडं फाकलेले.

ते मला पाच दिवसांपूर्वी मिळालं होतं. ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या एका पिठाच्या गिरणीत मी आणि गेनबा शिरलो, तर पोत्यांमागून एक जण हात वर करून उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा. मी आधी दोन पावलं मागंच सरलो. मग त्याचे खिसे चाचपले. एक कंगवा निघाला आणि हे पुस्तक. कंगवा मी त्याला परत दिला. पुस्तक उघडून बघितलं आणि माझ्या खिशात टाकलं. तो त्या पुस्तकाकडं बोट करून दोनतीनदा काहीतरी म्हणाला. मी म्हणालो, “चल.” मागच्या ठाण्यावर कैद्यांच्या रांगेत त्याला उभा केला आणि विसरून गेलो.

पुस्तक का घेतलं? मला तेव्हा अक्षरांचं वेड लागलं होतं. माणदेशात मेंढरांमागं वाढलेला माणूस मी, तेवीस वर्षांचा होईपर्यंत अक्षर ओळखत नव्हतो. पलटणीत सुर्वे हवालदार आम्हाला शिकवायचे. त्या वेळी फौजेत हिंदुस्थानी भाषा इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकवत. तेवढी परीक्षा पास झालो की मला लान्सनाईकाची फीत मिळणार होती. तसं सुभेदारसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, आणि मी ते घरी लिहून कळवलंही होतं; म्हणजे दुसऱ्याकडून लिहवून. मग मला दिसेल ते वाचायची खोड लागली. दुधाच्या डब्यावरचं, रस्त्याच्या पाटीवरचं. या पुस्तकाच्या पहिल्या पानावर शाईनं पाच अक्षरं होती. ए, एल, ओ, आय, एस. एवढं मला लागलं होतं. पण ते काय? नाव, गाव, का हुद्दा? विचारायची चोरी, कारण कैद्याचे कागद वर जमा करायचा हुकूम होता. म्हणून ती पाच अक्षरं मी एकटाच उघडून उघडून बघायचो.

“ह्येच्या पण कपाळाला लाव,” गेनबा म्हणाला. “सगळ्यांस्नी लावलं आन् पाव्हण्याला कोरडाच ठिवतोस व्हय?”

आणि मी काही म्हणायच्या आत त्यानं बोट बुडवून फोटोच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला. जर्मन एकदम आमच्या गावचा पाटील दिसायला लागला. हसून हसून आमची पोटं दुखली.

नारळ नव्हता, म्हणून गेनबानं अंगणातल्या कुंडीतलं लिंबू तोडून आणलं होतं. ते त्यानं ब्रेनगनवर धरून कापलं. रस नळीवर ओघळला आणि नळीवरचं कुंकू जागच्या जागी पिवळं पडलं. गेनबाचा चेहरा उतरला.

“आरं द्येवा. कुकू उडालं.”

“काही उडालं नाही,” मी म्हणालो. “माझी आत्या म्हसवडच्या बाजारात कुंकू विकते, घरी करते. आंबट लागलं की हळद आपल्या रंगावर येते. परत चुना लाव, परत लाल होईल.”

गेनबानं चुना लावला. लाल झालं. त्यानं मान हलवली, पण दिवसभर माझ्याकडं जरा संशयानंच बघत होता.

दोन दिवसांनी आम्ही पुढं सरकलो. चार दिवस पावसात भिजत डोंगर चढलो. खिसा भिजला, पुस्तक भिजलं. पुढच्या मुक्कामी उघडून बघितलं तर फोटोतला माणूस नाहीसा झाला होता. टिळा कपाळावरून हनुवटीपर्यंत पसरून, वाळून, तांबूस तपकिरी झाला होता. जखमेवर खपली धरावी तसा.

त्याच दिवशी सुभेदारसाहेबांनी हुकूम वाचून दाखवला. जर्मनांची माणसं शेतकऱ्यांच्या कपड्यांत आपल्या बाजूला शिरली होती आणि मागचा एक पूल उडवला होता. सगळे सापडलेले कागद ताबडतोब जमा करायचे. ज्यानं कैद्याच्या अंगावरून कागद काढून घेऊन ठेवले असतील, त्याला शिक्षा. फीत असेल तर जाईल, मिळायची असेल तर मिळणार नाही.

कप्तानसाहेबांच्या कचेरीबाहेर एक खोकं ठेवलं होतं. कागद कुठं सापडला ते सांगून, नाव लिहवून त्यात टाकायचा. मी जेवणाच्या वेळी, पहारेकरी ताटली घेऊन वळला तेवढ्यात, पुस्तक खोक्यात सोडलं आणि निघून आलो. कुणी बघितलं नाही. सुटलो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पहारा त्याच घरावर लागला. मोठं दगडी घर. वरच्या खोलीत कप्तानसाहेब, खाली एका कोठीत एक कैदी. शेतकऱ्याचा ढगळ कोट घातलेला, दाढी वाढलेली. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला. मी त्याला ओळखलं नाही. मग त्यानं खिशातून कंगवा काढला, केस मागं सारले, आणि दोन्ही कान दिसले.

गिरणीतला तो हाच. कंगवा परत खिशात ठेवून तो भिंतीकडं बघत बसला.

थोड्या वेळानं सुर्वे हवालदार जिन्यावरून खाली आले. आता ते कप्तानसाहेबांच्या हाताखाली लिहिण्याचं काम करत होते.

“उस्ताद,” मी विचारलं, “हा कोण?”

“तेच तर कोडं आहे. पुलापासून कोसभरावर सापडला, या कोटात, जवळ एक कागद नाही. म्हणतो, मी शिपाई आहे, नाव आलोइस. पिठाच्या गिरणीत पकडला गेलो. मागं नेताना रस्त्यावर तोफगोळे पडले, सगळे पांगले. मी रानात राहिलो, थंडीनं गारठलो, म्हणून एका खळ्यातला कोट चढवला.”

आलोइस. ती पाच अक्षरं माझ्या डोळ्यांपुढं ओळीनं उभी राहिली. ते नाव होतं.

“मग?” मी विचारलं.

“मग साहेबांनी विचारलं, पेबुक कुठं? तर म्हणतो, तुमच्याच शिपायानं काढून घेतलं. साहेब म्हणाले, दाखव कोणी ते. तर म्हणतो, ओळखता येणार नाही. आणि गंमत बघ, काल त्याच नावाचं पेबुक आमच्या खोक्यात निघालं.”

“मग झालं की. खरं बोलतोय तो.”

“कसलं खरं? पेबुकावर रक्त आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत. फोटो ओळखू येत नाही इतकं. म्हणजे ज्याचं ते पुस्तक, तो केव्हाच मेला. यानं मेलेल्याचं नाव घेतलंय. साहेबांची खात्री झाली, पूल उडवणाऱ्यांतला आहे. दुपारी गाडी येईल, वर पाठवतील.”

“वर काय करतात?”

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. “साध्या कपड्यांत सापडलेल्या हेराला काय करतात, ते काय मी तुला पाटीवर लिहून देऊ?”

पहारा बदलला तसा मी पळतच गेनबाकडं गेलो. तो दाढीच्या वाटीतून चहा पीत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं वाटी खाली ठेवली.

“तू सोताहून खोक्यात टाकलंस. आता तुझा काय संबंद?”

“त्याला मारतील, गेनबा. तुझ्या टिळ्यापायी.”

“माझ्या? म्या टिळा लावला, पुस्तक कुणी घेतलं? आन् तवा त्याला गोळी घालायचीच हुती न्हवं आपल्याला? त्यो हात वर करून हुभा राह्यला म्हणून वाचला. न्हाईतर गिरणीतच आडवा केला असतास.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी.”

“काय वेगळी? येड्या, फीत जाईल तुझी. घरी काय कळवशील? जर्मनाच्या पोराची माया आली म्हणून?”

“मला माया नाही आली,” मी म्हणालो. आणि खरंच आली नव्हती. फक्त आता मला त्याचं नाव ठाऊक होतं, आणि ते त्याचंच आहे हे सगळ्या पलटणीत मला एकट्याला ठाऊक होतं.

“गप बस,” तो म्हणाला. “दुपारी गाडी जाईल. सांज झाली की इसरशील.”

मी तिथून उठलो आणि कप्तानसाहेबांच्या जिन्यापाशी गेलो. पहिली पायरी चढायला मला फार वेळ लागला. बाकीच्या पटापट चढलो.

कप्तानसाहेब बारा वर्षं हिंदुस्थानात राहिलेले. आमची हिंदुस्थानी बोलायचे, जर्मनही बोलायचे. टेबलावर पुस्तक उघडं पडलं होतं. शेजारी सुर्वे हवालदार लिहीत होते.

“साहेब, हे पुस्तक मी घेतलं होतं. गिरणीत. त्या कोठीतल्या माणसाकडून.”

हवालदारांची लेखणी थांबली.

“आणि खोक्यात?”

“मीच टाकलं. न सांगता.”

साहेबांनी मला नीट बघून घेतलं. “तू घेतलंस तेव्हा तो माणूस जिवंत होता?”

“होय, साहेब. हात वर होते.”

“नक्की?”

“नक्की, साहेब.”

साहेबांनी पुस्तक माझ्याकडं फिरवलं. “मग हे रक्त कुणाचं? हात वर केलेल्या माणसाला तू मारलंस, असं सांगायला आलास काय?”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका माणसाला वाचवायला गेलो आणि त्याच्याच खुनात सापडलो.

“रक्त नाही, साहेब. पूजेचं कुंकू आहे.”

“कुंकू? शत्रूच्या फोटोला?”

“खंडेनवमी होती. हत्यारांना लावलं. मग यालाही लावलं.”

“का?”

खरं कारण सांगायची लाज वाटत होती, पण दुसरं नव्हतं. “गंमत म्हणून, साहेब.”

साहेब हवालदारांकडं वळले. “तुमच्यात असं करतात?”

“हत्यारांना करतात, साहेब,” हवालदार चाचरत म्हणाले. “जर्मनाला... मी तरी कधी बघितलं नाही.”

“बारा वर्षांत मीही नाही.” साहेबांचा आवाज थंड होता. “शिपाई, मी सांगतो काय झालं ते. तू कैद्याला मारलंस. त्याचं पुस्तक ठेवलंस. हुकूम निघाल्यावर घाबरलास. आता खाली एक जण तेच नाव सांगतोय म्हटल्यावर तुला वाटलं, हा आलोइस ठरला की आपण सुटलो.”

“तसं नाही, साहेब. लिंबू मागवा. लिंबू असेल तर मी दाखवतो.”

“लिंबू?”

“रक्त असेल तर लिंबानं काही होणार नाही. कुंकू असेल तर पिवळं पडेल.”

तेवढ्यात दारात बुटांचा आवाज झाला. गेनबा उभा होता. त्यानं सलाम ठोकला.

“साहेब, टिळा म्या लावला. ह्यो न्हवं.” आणि त्यानं खिशातून एक लिंबू आणि चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली. माझ्याकडं न बघता मराठीत पुटपुटला, “तुझ्या त्या आत्याचं खोटं निघालं ना, तर दोघंबी जातूय बग.”

साहेबांनी स्वतः चाकूनं लिंबू कापलं. “तू हात लावू नकोस,” मला म्हणाले. एक फोड डागाच्या कोपऱ्यावर पिळली.

काही झालं नाही. कागद नुसता ओला झाला. आठवड्याचा वाळलेला डाग, त्यात पावसाचं पाणी. हवालदारांनी मान खाली घातली. गेनबाचा श्वास मला ऐकू येत होता. मग ओल्या जागेची कड फिकी झाली. फिकी होत होत लिंबाच्याच सालीसारखी पिवळी झाली, आणि तो पिवळा हळूहळू आत सरकू लागला.

साहेब पुढं वाकले. बोट फिरवलं, नाकापाशी नेलं.

“आता चुना,” मी म्हणालो.

चुना लागला तशी ती जागा पुन्हा लाल झाली. साहेबांनी दुसऱ्या कोपऱ्यावर लिंबू पिळलं. तिथंही पिवळं झालं. तिथं त्यांनी स्वतःच्या बोटानं चुना लावला. मग तिसऱ्या जागी. पोरानं जादूचा खेळ परत परत मागावा, तसं त्यांचं चाललं होतं. शेवटी खुर्चीत मागं टेकले.

“ठीक. हे रक्त नाही. पण खाली बसलेला माणूस तोच, हे यावरून ठरत नाही. गिरणीत त्याच्याकडून आणखी काय घेतलंस?”

“कंगवा घेतला होता, साहेब. परत दिला.”

“तो कसा दिसत होता?”

“सगळा पांढरा. पिठानं.”

साहेबांनी मला आणि गेनबाला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि कैद्याला वर आणवला. जर्मनमध्ये त्याला काहीतरी विचारलं. मग टेबलावर काहीतरी ठेवल्याचा हलका आवाज झाला, आणि तो बोलू लागला. त्याचा आवाज मी गिरणीनंतर प्रथमच ऐकत होतो.

“वळा,” साहेब म्हणाले.

टेबलावर कंगवा होता.

“म्हणतो, शिपायानं हा परत दिला. आणि तो शिपाई आधी घाबरून मागं सरला, कारण हा भुतासारखा पिठानं माखला होता.” साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “मागं सरल्याचं तू सांगितलं नव्हतंस.”

“राहून गेलं, साहेब.”

हवालदार खाली बघून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी एक कागद ओढून घेतला, त्यावर तीनचार ओळी लिहिल्या आणि पेबुक त्या कागदाला टाचून हवालदारांकडं दिलं. “लढाईतला कैदी. या नावानं नोंद करा. दुपारच्या गाडीनं कैद्यांच्या छावणीत जाईल.” मग माझ्याकडं वळले. “कागद लपवलास, चोरून टाकलास. तुझ्यापायी आज एक माणूस मेला असता. परीक्षा दे, पास हो. फीत मिळणार नाही. मी असेपर्यंत तरी नाही.”

“होय, साहेब.”

“जा.”

गेनबा दारापर्यंत पोचलासुद्धा. पण माझा पाय निघेना. सकाळपासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती, आणि हा माणूस गाडीत बसला की ती मला जन्मात कधी कळणार नव्हती.

“साहेब, एक विचारू? त्याला विचारायचंय.”

“काय?”

“सकाळी मी त्याच्या दारात पहाऱ्याला होतो. त्यानं मला ओळखलं होतं. मी बघितलंय. मग ओळखता येणार नाही असं का सांगितलं? माझ्याकडं बोट का दाखवलं नाही?”

गेनबा दारातून कुजबुजला, “चल की लेका, आता पुरं झालं.” पण साहेबांनाही ते जाणून घ्यावंसं वाटलं असावं. त्यांनी कैद्याला विचारलं. त्यानं कंगवा उचलून खिशात ठेवला, माझ्याकडं सरळ बघितलं आणि सावकाश, दोनदा थांबत बोलला.

साहेब ऐकत राहिले, आणि मग आमच्या भाषेत म्हणाले, “म्हणतो, बोट दाखवलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. तुझं ऐकलं असतं, त्याचं नसतं. आणि एकदा सगळ्यांसमोर नाही म्हणालास की तुला मागं फिरता आलं नसतं. तू आपणहून बोलशील, तेवढीच एक वाट शिल्लक होती. म्हणून तो गप्प राहिला.” साहेबांनी जरा वाट बघितली. “तुला काही म्हणायचंय?”

“नाही, साहेब.”

काय म्हणणार? त्यानं बोट दाखवलं असतं, तर मी नाहीच म्हणालो असतो.